पाणी गेले, कॅमेरे आले: लोन पाइनचे चित्रपट-संग्रहालय

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व भागात सिएरा नेवाडा आणि इन्यो या दोन पर्वतरांगांच्या मधोमध ओवेन्स नदीचे लांब, अरुंद खोरे पसरलेले आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाकडे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० फूट उंचीवर, जेमतेम २,००० वस्तीचे लोन पाइन हे गाव आहे. लॉस एंजेलिसहून उत्तरेकडे सुमारे ३३० किलोमीटर येणारा महामार्ग क्रमांक ३९५ हाच गावात शिरल्यावर त्याचा मुख्य रस्ता होतो आणि याच रस्त्याच्या दक्षिण भागात वेस्टर्न चित्रपटांच्या इतिहासाला वाहिलेले एक लहान संग्रहालय आहे. पूर्वी 'लोन पाइन चित्रपट इतिहास संग्रहालय' आणि आता 'म्युझियम ऑफ वेस्टर्न फिल्म हिस्टरी' या नावाने ओळखली जाणारी ही संस्था २००६ साली लोकांसाठी खुली झाली आणि तिच्या उभारणीमागे लास वेगासमधील दूरचित्रवाणी व्यावसायिक जिम रॉजर्स व त्यांच्या पत्नी बेव्हर्ली यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. मोठ्या शहरांतील संग्रहालयांच्या तुलनेत इथली दालने थोडी आहेत आणि एका सकाळीत ती सहज पाहून होतात. परंतु संग्रहालयाच्या पश्चिमेला काही मिनिटांच्या अंतरावर असलेले खडक हाही या संग्रहाचाच भाग मानावा लागतो, आणि तसे मानले की एक सकाळ पुरत नाही.

येथील संग्रह समजण्यासाठी दोन संज्ञा आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकी इतिहासलेखनात 'फ्रंटियर' म्हणजे दोन राष्ट्रांमधील सीमा नव्हे, तर गोऱ्या वसाहतीची पश्चिमेकडे सरकत जाणारी कड होय. जनगणना खात्याने प्रति चौरस मैल दोनपेक्षा कमी वस्ती असलेला प्रदेश या कडेपलीकडचा मानला होता आणि १८९० च्या जनगणनेनंतर अशी सलग रेषा आता दाखवता येत नाही असे जाहीर केले. 'वेस्टर्न' हा चित्रप्रकार याच सरकत्या कडेवरील गुराखी, दरोडेखोर, शेरीफ, सैनिक आणि मूळ रहिवासी यांच्या कथा सांगतो. कड इतिहासजमा झाल्याची घोषणा आणि चित्रपटाचा जन्म या दोन घटनांमध्ये दहा वर्षांचेही अंतर नाही, हे ध्यानात घेतले तर वेस्टर्न हा आठवणींचा उद्योग म्हणूनच जन्माला आला असे म्हणता येईल.

लोन पाइनमधील या उद्योगाची सुरुवात १९२० सालच्या 'द राउंड-अप' या मूकपटापासून झाल्याचे मानले जाते. रॉस्को आर्बकल हा त्या काळचा अत्यंत लोकप्रिय विनोदी नट त्यात प्रमुख भूमिकेत होता. त्यानंतर आजपर्यंत या परिसरात चारशेहून अधिक चित्रपटांचे चित्रीकरण झाले आहे. चित्रपटसंस्थांच्या मुक्कामासाठी मुख्य रस्त्यावर १९२० च्या दशकाच्या आरंभीच डाउ हॉटेल उभे राहिले. घोडे, गुरे, बग्या आणि कामाला माणसे पुरवण्याचा व्यवसाय रसेल स्पेनहॉवर या स्थानिक पशुपालकाने सांभाळला. खेडेगावाच्या अर्थव्यवस्थेत चित्रपट हे हंगामी पीक ठरले.

दालनांमधून फिरताना या पिकाचे स्वरूप टप्प्याटप्प्याने उलगडते. जुनी भित्तिपत्रके, खोगिरे, पोशाख आणि छायाचित्रे यांचा मोठा भाग ज्यांना 'बी वेस्टर्न' म्हणतात त्या चित्रपटांचा आहे. त्या काळी अमेरिकी चित्रपटगृहांत एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याची पद्धत होती. त्यांपैकी मोठ्या खर्चाचा व मोठ्या नटांचा तो पहिला, आणि त्याच्या जोडीला दिलेला, तासाभराचा, थोड्या दिवसांत व थोड्या पैशांत उरकलेला तो दुसरा, म्हणजेच 'बी' चित्रपट असे. अशा चित्रपटांना उभारलेल्या देखाव्यांचा खर्च परवडत नसल्यामुळे फुकट मिळणारी भव्यता त्यांना हवी असे, आणि स्टुडिओपासून मोटारीने अर्ध्या दिवसात पोहोचता येईल अशी ती भव्यता लोन पाइनने पुरवली. विल्यम बॉइड या नटाने १९३५ ते १९४८ या काळात हॉपअलाँग कॅसिडी या एकाच गुराखी-नायकाची भूमिका ६६ चित्रपटांत केली आणि त्यांपैकी कितीतरी याच खडकांत चित्रित झाले. गाणारा गुराखी म्हणून प्रसिद्धी पावलेला रॉय रॉजर्स आपल्या पहिल्या प्रमुख भूमिकेसाठी १९३८ साली इथेच आला. जीन ऑट्री आणि टॉम मिक्स यांची नावेही ओघाने येतात. कलादृष्ट्या मात्र यांपैकी बहुतेक चित्रपट सामान्य आहेत, आणि लोन पाइनच्या भूमीचा खरा उपयोग करून घेतला तो १९५० च्या दशकात दिग्दर्शक बड बेटिकर याने. रँडॉल्फ स्कॉट या नटाला घेऊन त्याने केलेल्या 'सेव्हन मेन फ्रॉम नाउ' (१९५६), 'द टॉल टी' (१९५७), 'राइड लोनसम' (१९५९) आणि 'कमांची स्टेशन' (१९६०) या चित्रपटांत खडक हे शोभेचे राहत नाहीत. कोण कोणाला कुठून पाहू शकतो यावरच कथानक चालते.

अलीकडच्या वस्तूंपैकी प्रेक्षकांची गर्दी खेचणारी वस्तू म्हणजे क्वेंटिन टॅरेंटिनोच्या 'जँगो अनचेन्ड' (२०१२) या चित्रपटातील दंतवैद्याची घोडागाडी, जिच्या टपावर स्प्रिंगवर डोलणारा भलामोठा दात बसवलेला आहे. हम्फ्री बोगार्ट याने 'हाय सिएरा' (१९४१) मध्ये चालवलेली प्लिमथ मोटार आणि 'ट्रेमर्स' (१९९०) या भयविनोदी चित्रपटातील जमिनीखालून येणाऱ्या राक्षसी अळ्यांच्या प्रतिकृती याही इथे आहेत. मोटार आणि अळ्या यांना वेस्टर्न म्हणायचे की नाही हा वाद संग्रहालयाने घातलेला नाही; गावाच्या परिसरात जे चित्रित झाले ते आपले, असा त्याचा सरळ हिशेब आहे.

भारतीय वाचकाला या दालनांत सर्वाधिक विचार करायला लावणारा भाग मात्र गुराख्यांचा नाही. १९३० च्या दशकात हॉलिवूडने ब्रिटिश साम्राज्यातील शौर्यकथांवर चित्रपटांची एक लाटच आणली आणि त्यांतील हिंदुस्थानची वायव्य सरहद्द, म्हणजे खैबर खिंडीचा व पठाणी टोळ्यांचा प्रदेश, वारंवार लोन पाइनमध्ये उभी करण्यात आली. गॅरी कूपरचा 'लाइव्ह्ज ऑफ अ बेंगॉल लान्सर' (१९३५), एरल फ्लिनच्या 'चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड'चा (१९३६) काही भाग, पुढे 'किम'मधील (१९५०) काही दृश्ये आणि टायरोन पॉवरचा 'किंग ऑफ द खैबर रायफल्स' (१९५३) ही त्यांपैकी काही नावे होत. या सर्वांत मोठा प्रपंच जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित 'गंगा दिन' या चित्रपटाचा होता. किपलिंगच्या कवितेतील भिस्ती, म्हणजे पखालीतून सैनिकांना पाणी पुरवणारा नोकर, हे पात्र घेऊन आर.के.ओ. या कंपनीने १९३८ साली या खडकांत सैन्याचा तंबूतळ, तंत्रापूर नावाचे काल्पनिक गाव आणि कालीचे मंदिर उभारले. शेकडो माणसे सैनिक व ठग म्हणून उभी केली. आणि मागे दिसणाऱ्या सिएरा नेवाडाला हिमालयाच्या बाजूच्या पर्वतांची भूमिका दिली. कॅरी ग्रँट, व्हिक्टर मॅक्लॅग्लेन आणि डग्लस फेअरबँक्स (धाकटा) हे तीन इंग्रज सार्जंट झाले आणि गंगा दिनची भूमिका न्यूयॉर्कच्या सॅम जॅफी या नटाने चेहरा रंगवून केली.

या चित्रपटातील भूगोलाइतकाच इतिहासही मनगढंत आहे. ठगांविरुद्ध कंपनी सरकारने केलेली मोहीम ही मुख्यतः १८३० च्या दशकातील आणि मध्य हिंदुस्थानातील, जबलपूर परिसरातून विल्यम स्लीमन याने चालवलेली घटना आहे. तिला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि थेट वायव्य सरहद्दीवर नेऊन बसवणे म्हणजे कथेच्या सोयीसाठी शेकडो कोसांचे आणि पन्नास वर्षांचे अंतर पुसून टाकणे होते. १९३९ साली चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा हिंदुस्थानात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. मुंबईतून निघणाऱ्या बाबूराव पटेल यांच्या 'फिल्मइंडिया' मासिकाने अशा हिंदुस्थानविरोधी परदेशी चित्रपटांविरुद्ध आघाडीच उघडली होती. त्यात ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'गंगा दिन'वर साम्राज्यवादी प्रचार म्हणून कठोर टीका केली. आणि देशाच्या काही भागांत त्याच्या प्रदर्शनावर बंदीही आली. लोन पाइनमध्ये या चित्रपटाची आठवण अभिमानाने जपली जाते, आणि गावाच्या बाजूने पाहता ते स्वाभाविकही आहे, कारण एवढे मोठे काम त्या आधी गावाला क्वचितच मिळाले होते. या वेस्टर्न-संग्रहालयात साम्राज्यकथा उपऱ्या वाटत नाहीत, याचे कारण त्यांची रचना एकच आहे: किल्ला, घोडदळ, कड्यावर अचानक उगवणारे शत्रू, आणि शेवटच्या क्षणी येणारी कुमक. शत्रूचा पोशाख बदलला की अॅरिझोनाचे खैबर होते. २००८ साली प्रदर्शित झालेल्या 'आयर्न मॅन'मधील अफगाणिस्तानची दृश्ये याच खडकांत चित्रित झाली, म्हणजे सत्तर वर्षांनंतरही त्यांच्या वाट्याला जवळजवळ तोच मुलूख आला.

हे खडक म्हणजे अलाबामा हिल्स. गावातून पश्चिमेकडे जाणाऱ्या व्हिटनी पोर्टल रस्त्याने चार-पाच किलोमीटर गेल्यावर उजवीकडे 'मूव्ही रोड' नावाचा रस्ता फुटतो आणि तिथल्या फलकाचे अनावरण १९९० साली, गावच्या चित्रपट महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी, रॉय रॉजर्सच्या हस्ते झाले होते. पुढे रस्ता कच्चा असून त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात. साधी मोटार हळू चालवली तर जाते. संग्रहालयात मिळणारा चित्रीकरणस्थळांचा नकाशा सोबत असल्यास एखादा कडा कोणत्या चित्रपटातला हे ओळखता येते. मागची शिखरे टोकदार आणि पुढच्या टेकड्या गोलाईच्या असल्यामुळे पूर्वी या टेकड्या फार जुन्या समजल्या जात; प्रत्यक्षात दोन्हींचा ग्रॅनाइट एकाच भूशास्त्रीय कुळातला आहे. उंचावर भेगांत गोठणाऱ्या पाण्याने खडक फोडून कडा धारदार केल्या, तर खाली मातीखाली दडलेल्या खडकाच्या सांध्यांत झिरपणाऱ्या पाण्याने कोपरे कुजवून गोळे घडवले आणि मग वरची माती वाहून गेली. हंपीला तुंगभद्रेच्या काठी दिसणारे धोंडे असेच घडलेले असल्याने तो परिसर पाहिलेल्या माणसाला हे दृश्य अनोळखी वाटत नाही. पर्वताच्या नेमक्या समोर, पंधरा मिनिटांच्या अंतरावर गाव आणि हॉटेल, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत विजेचा एकही खांब येणार नाही अशी मोकळीक, या तिन्ही गोष्टी एकत्र फार थोड्या ठिकाणी सापडतात.

ही मोकळीक निसर्गाने दिलेली नव्हती, आणि इथेच संग्रहालयाच्या भिंतींबाहेरचा इतिहास सुरू होतो. ओवेन्स खोऱ्यातील मूळ रहिवासी असलेले पायूट लोक डोंगरातून येणारे ओढे पाटांनी वळवून गवती बिया व कंदांची कुरणे भिजवीत असत. १८६१ च्या सुमारास पशुपालक वसाहतवाले गुरांसह आले, गुरांनी ती कुरणे खाल्ली, आणि भुकेतून संघर्ष पेटला. ४ जुलै १८६२ रोजी लष्कराने खोऱ्यात कॅम्प इंडिपेन्डन्स हे ठाणे वसवले आणि १८६३ च्या उन्हाळ्यात नऊशेहून अधिक पायूटांना दक्षिणेकडील फोर्ट तेहोनपर्यंत पायी नेण्यात आले. अनेक जण पुढे परत आले आणि पूर्वीच्या आपल्याच जमिनीवर मजूर झाले. त्याच दशकात पूर्वेच्या डोंगरात सेरो गोर्दो येथे चांदी सापडली. खाणकामगारांत मेक्सिकन व चिली देशातील लोक मोठ्या संख्येने होते. टेकड्यांना मिळालेले नाव हे त्या काळच्या यादवी युद्धाचे आहे: दक्षिणेचा पक्ष घेणाऱ्या खाणवाल्यांनी 'अलाबामा' या युद्धनौकेचे नाव दिले, तर १८६४ मध्ये तिला बुडवणाऱ्या 'किअरसार्ज' नौकेचे नाव उत्तरवाल्यांनी जवळच्या खिंडीला देऊन उट्टे काढले. २६ मार्च १८७२ च्या पहाटे झालेल्या मोठ्या भूकंपात लोन पाइनमधील बहुतेक घरे कोसळून २७ माणसे मेली. गावाच्या उत्तरेला त्यांच्यापैकी अनेकांची सामूहिक कबर आहे.

या सर्वांपेक्षा निर्णायक ठरले ते पाणी. वाढत्या लॉस एंजेलिस शहराने विल्यम मलहॉलंड या अभियंत्याच्या देखरेखीखाली २३३ मैलांचा, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटरचा कालवा बांधून १९१३ साली ओवेन्स नदीचे पाणी आपल्याकडे वळवले आणि पुढच्या दोन दशकांत खोऱ्यातील बहुतांश शेतजमीन पाणीहक्कांसह विकत घेतली. नदीच्या शेवटी असलेले ओवेन्स सरोवर १९२६ पर्यंत जवळजवळ कोरडे पडले आणि त्याच्या तळावरून उडणारी क्षारयुक्त धूळ दीर्घकाळ अमेरिकेतील सर्वांत मोठ्या धूलिस्रोतांपैकी एक राहिली. १६ नोव्हेंबर १९२४ रोजी सुमारे सत्तर स्थानिक माणसांनी लोन पाइनच्या उत्तरेस असलेले 'अलाबामा गेट्स' हे कालव्याचे दरवाजे ताब्यात घेतले, पाणी पुन्हा नदीत सोडले आणि चार दिवस ते ठाण मांडून बसले. गावोगावचे लोक शिधा घेऊन तिथे जमले, मांस भाजले गेले, जत्रा भरली. शेजारच्या टेकड्यांत चित्रीकरण करीत असलेल्या टॉम मिक्सने या बंडखोरांच्या करमणुकीसाठी आपला वाद्यवृंद पाठवला अशी नोंद आहे. जमिनीसाठी व पाण्यासाठी हातात बंदूक घेतलेले खरे पशुपालक आणि त्यांचीच भूमिका करणारा नट इतके जवळ आलेला प्रसंग वेस्टर्नच्या इतिहासात दुसरा शोधावा लागेल; तरीही मिक्स ज्या चित्रपटासाठी आला होता त्यात कालवा नव्हता. १९२७ साली स्थानिक वॉटर्सन बंधूंच्या बँका बुडाल्या आणि प्रतिकार संपला.

शेती उठली, वस्ती वाढली नाही, कारखाने आले नाहीत, आणि म्हणून खोरे १८७० सारखे दिसत राहिले. ज्या शहराने पाणी नेले, त्याच शहरातील स्टुडिओ त्या पाण्यावर वाढले आणि रिकामे झालेले माळ चित्रित करायला परत आले. हा संबंध संग्रहालयातील एखाद्या खोगिरापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे, आणि पखाल खांद्यावर घेतलेल्या भिस्त्याची कथा अशा ठिकाणी चित्रित व्हावी यातला विरोधाभास त्या वेळी कोणाला जाणवला असेल असे वाटत नाही. गावाच्या दक्षिणेस असलेली पायूट-शोशोनी जमातीची राखीव वसाहतही १९३९ मध्ये शहराशी झालेल्या जमिनींच्या अदलाबदलीतून आकाराला आली. 'गंगा दिन' प्रदर्शित झाला तेच हे वर्ष. पाण्याच्या हक्कांचा प्रश्न मात्र त्या व्यवहारात सुटला नाही.

दुसऱ्या महायुद्धात या रिकामेपणाचा आणखी एक उपयोग झाला. लोन पाइनच्या उत्तरेस सुमारे १५ किलोमीटरवर मॅन्झनार येथे १९४२ मध्ये अमेरिकी सरकारने जपानी वंशाच्या रहिवाशांसाठी काटेरी तारांची स्थानबद्ध छावणी उघडली. त्यांतील बहुसंख्य लोक जन्माने अमेरिकी नागरिक होते. ऐन भरात तिथे दहा हजारांहून अधिक माणसे राहत होती आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये ती बंद झाली. स्थानिक इतिहासाच्या या पानाला भिडलेला चित्रपट म्हणजे जॉन स्टर्जेस दिग्दर्शित 'बॅड डे अॅट ब्लॅक रॉक' (१९५५). युद्ध संपल्यावर एक हात गमावलेला सैनिक (स्पेन्सर ट्रेसी) एका आडगावात उतरतो, कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याची चौकशी करतो, त्याला छावणीत नेल्याचे खोटे उत्तर ऐकतो आणि शेवटी गावाने त्याचा खून पचवल्याचे उघडकीला आणतो. हे बनावट गाव लोन पाइनजवळ रेल्वेमार्गाच्या कडेला उभारले होते, खऱ्या छावणीपासून मोटारीने थोड्याच वेळाच्या अंतरावर. संग्रहालयातील शेकडो नावांमध्ये खोऱ्याच्या खऱ्या इतिहासाला इतके जवळून स्पर्श करणारे नाव दुसरे नाही.

संग्रहालयाला यासाठी दोष देणे योग्य ठरणार नाही. ते चित्रपटांचे संग्रहालय आहे आणि आपले काम ते नेटकेपणाने करते. फक्त, 'फ्रंटियर' समजून घेण्याच्या हेतूने येणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. लोन पाइनच्या उत्तरेस २६ किलोमीटरवरील इंडिपेन्डन्स या गावी, १९२८ साली स्थापन झालेले ईस्टर्न कॅलिफोर्निया संग्रहालय आहे. पायूट व शोशोनी स्त्रियांनी विणलेल्या टोपल्यांचा मोठा संग्रह, खाणकाम व शेतीची अवजारे आणि मॅन्झनारमधील वस्तू तिथे पाहता येतात. मॅन्झनार या दोन गावांच्या मधेच, महामार्गालगत आहे, १९९२ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिथे प्रवेशशुल्क नाही.

प्रवासाच्या दृष्टीने वसंत आणि शरद हे ऋतू सोयीचे. उन्हाळ्यात खोरे तापते आणि अलाबामा हिल्समध्ये सावली फारशी नाही. दर ऑक्टोबरात भरणारा चित्रपट महोत्सव पाहायचा असल्यास गावातील थोडीच हॉटेले आधीच भरतात, हे ध्यानात ठेवावे. २०१९ पासून या टेकड्यांना राष्ट्रीय निसर्गदृश्य क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे आणि मुक्कामाविषयीचे नियम पूर्वीपेक्षा कडक झाले आहेत, तेव्हा तंबू ठोकण्यापूर्वी गावाच्या दक्षिणेस, महामार्ग १३६ च्या फाट्यावर असलेल्या माहिती केंद्रात चौकशी करावी. एकच दिवस हाती असेल तर सकाळी संग्रहालय, मग मूव्ही रोड आणि दुपारी मॅन्झनार व इंडिपेन्डन्स असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास चित्रपटांची दालने घाईत पाहावी लागतात.